एकसष्टावा हात

राजकुमारनं मोबाईल पुढे केला तेव्हा संघदीपच्या पोह्यांवर नुकतीच तर्री पडली होती. यवतमाळच्या बसस्टँडसमोरच्या त्या गाड्यावर सकाळी आठला उभं राहायला जागा नसते, आणि राजकुमारच्या अंगात आज उत्साह मावत नव्हता, म्हणून तो एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं संघदीपच्या नाकाशी मोबाईल धरून उभा राहिला. "पाहा ना सर, आमच्या तांड्याची होळी. यंदासारखी होळी माह्या जलमात नाही पाह्यली." अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पहाटेचं निळसर आभाळ, डफांचा आवाज, बायकांच्या घागऱ्यांवरच्या आरशांची लुकलुक, आणि मधोमध देवळाच्या कळसाच्याही वर गेलेला जाळ. संघदीपनं कौतुकानं मान हलवली, चमचा तोंडाकडे नेला आणि तो तिथंच थांबला. लाकडं अशी तडतडत नाहीत. इतक्या बारीक ठिणग्या उडवत नाहीत. ती पऱ्हाटी होती, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडं, आणि ती एकदोन बैलगाड्यांची नव्हती, अख्ख्या तांड्याच्या वावरांतली होती. "परत दाखव," तो म्हणाला. राजकुमारनं आनंदानं परत दाखवला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर संघदीपनं बशी गाड्याच्या फळीवर ठेवून दिली, आणि पोहे वाया जाऊ नयेत म्हणून ते राजकुमारनं खाऊन टाकले.

आपला पोरगा काय काम करतो हे संघदीपच्या आईला आजवर कळलेलं नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. माणसं जशी वागतात तशी का वागतात याचा अभ्यास करतो, असं तो सांगायचा. त्यावर ती म्हणायची, "मंग पगार कायचा देतात रे तुले?" पुण्याच्या त्या संस्थेत सगळेच हुशार होते आणि सगळ्यांचा एका गोष्टीवर विश्वास होता, की हवा तापतेय ती माणसांच्या सवयींमुळे, आणि सवय कायद्यानं सुटत नाही, दंडानं सुटत नाही, मनाला अगदी हलका धक्का दिला की सुटते. कुठे, कसा आणि किती धक्का द्यायचा, एवढं शोधून काढायचं. संघदीपच्या वाट्याला पऱ्हाटी आली होती. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी उपटलेली पऱ्हाटी वावरातच पेटवतात, धूर होतो, माती भाजते. संघदीपनं दारव्ह्याच्या अलीकडचा एक तांडा निवडला, बंजाऱ्यांची एकसष्ट घरं, आणि सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या भिंतीवर एकसष्ट चौकोन आखले. चौकोनात घरधन्याचं नाव. होळीपर्यंत ज्यानं पऱ्हाटी जाळली नाही त्यानं आपल्या चौकोनात हिरव्या रंगाचा हात उमटवायचा. लाल रंग मुद्दामच ठेवला नव्हता. कोणाला वाईट वाटता कामा नये, ही त्याची स्वतःची अट होती. ज्यानं जाळली त्याचा चौकोन नुसता रिकामा राहील, बस. आणि एकसष्टच्या एकसष्ट हात उमटले तर तांड्याला अकरा सौरदिवे.

एकसष्टच्या एकसष्ट उमटले होते. शेवटचा हात मानीबाईचा, होळीच्या आदल्या दिवशी. त्या हाताचा फोटो मंजुरी देणाऱ्या पाहुण्यांपुढच्या उद्याच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर होता. म्हाताऱ्या तळव्याच्या रेघा हिरव्या रंगात इतक्या स्पष्ट उठल्या होत्या की पुण्याहून अर्पिता मॅडमनी फोन करून सांगितलं, "संघदीप, या एका फोटोवर पुढची चाळीस गावं मंजूर होतील." मॅडम त्याच्या वरिष्ठ, खोटं कौतुक न करणाऱ्या. आणि नुसते हात नव्हते, आकडेही होते. उपग्रहाच्या नकाशावर तांड्याच्या शिवारात गेल्या मोसमात आगीचे सेहेचाळीस ठिपके होते, यंदा एक. तो एक ठिपका जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला होता आणि त्याच्यापुढे संघदीपनं 'बहुधा गवत' असं लिहून टाकलं होतं.

लॉजवर परत येऊन त्यानं लॅपटॉप उघडला नाही. उघडायची गरज नव्हती, आगीचे ठिपके कसे मोजायचे त्याच्या दोन ओळी त्याला पाठ होत्या, कारण त्यानंच त्या लिहिल्या होत्या. होळीचा दिवस हिशेबातून वगळावा. त्याचा दुसरा दिवसही वगळावा. होळीच्या रात्री सगळा मुलूखच पेटलेला दिसतो, त्यातून कोण काय शिकणार? हे कोणीही केलं असतं. पण पुण्यातल्या कोणी फक्त होळीची रात्र वगळली असती. दुसरा दिवसही वगळायचा हे संघदीपला सुचलं, कारण तांड्यावर होळी रात्री पेटत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते, हे त्याला ठाऊक होतं. किती फुशारकीनं त्यानं ते बैठकीत सांगितलं होतं! आपण इथले आहोत, आपल्याला आतलं कळतं, हे दाखवायची एवढी हौस. त्याला काही कळत नसतं तर दुपारपर्यंत धुमसणारी ती आग नकाशावर आपोआप सापडली असती. तो पलंगावर बसला, उठला, नळाचं पाणी तोंडावर मारलं, परत बसला. एका व्हिडिओवरून असं समजायचं कारण नाही, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं, आणि मग राजकुमारला फोन करून गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं.

मोटारसायकलवर मागे बसून तो राजकुमारच्या पाठीशी बोलत राहिला. राजकुमार त्याच तांड्यातला, बी.ए. झालेला, घरोघरी जाऊन नोंदी घेण्यासाठी वर्षभर त्यानंच उन्हं खाल्ली होती. "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का हे?" संघदीपनं विचारलं. "ठरवाचं काय त्याच्यात सर? पह्यले आपापल्या वावरात जाळत होतो. यंदा हात लावाचा होता, मंग ढीग बांधावर ठेवले. होळीले नेले." "मला सांगितलं का नाही?" "तुमी इचारलंच नाही." राजकुमारनं मान अर्धी वळवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी तर नव्हतीच, उलट थोडी काळजी होती, सरांना बरं नाही की काय अशी. "आन् होळीत टाकलं तं कोनाचं नाव लागते सर? कोनाचंच नाही. होळी साऱ्याची असते. तुमचं बी काम झालं, आमची बी होळी झाली." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस संपत आला होता. कुठल्याशा वावरातून धुराचा वास आला आणि संघदीपनं सवयीनं दिशा पाहून घेतली.

धुराचा वास आणि पहाट. ही जोडी त्याला नको असायची. घाटंजीच्या बाजूचं त्याचं गाव, तो सहावीत. गावात बाहेर शौचाला बसायचं नाही म्हणून मोहीम निघाली होती. पहाटे, चुलींचा पहिला धूर सुटायच्या वेळी, पथक निघायचं, जो सापडेल त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचं, टाळ्या वाजवायचं. एका पहाटे त्याच्या आईच्या गळ्यात हार पडला. महिनाभरात घराच्या मागे संडास उभा राहिला. ही गोष्ट तो मुलाखतीत सांगत आला होता, शिष्यवृत्तीच्या वेळी, संस्थेत लागताना, मोठमोठ्या लोकांसमोर. लाज ही किती मोठी ताकद आहे हे मी आमच्या घरात पाहिलं, म्हणून मी या शास्त्राकडे वळलो, आणि ती ताकद कुणालाही न दुखावता वापरायची हे माझं काम. ऐकणारे गंभीर व्हायचे. एकदा तर एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गोष्ट खरी होती, एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्या पथकाबरोबर शाळेची पोरंही असायची, हुशार आणि धीट निवडून घेतलेली, प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी, आणि अंधारात कुणी हललं की ती वाजवायची. संघदीप वर्गात पहिला होता. बाभळीच्या आड काहीतरी हललं. त्यानं सगळ्यांच्या आधी, जीव खाऊन शिट्टी वाजवली. विजेऱ्या तिकडे वळल्या आणि उजेडात त्याची आई पदर सावरत उभी राहिली. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली घालून हार घेतला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "गार हवा होती, स्वेटर नाही घातलं तू." त्या शिट्टीबद्दल दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत. आईनं दुपारनंतर जेवणं सोडलं होतं, म्हणजे पहाटे उठावं लागू नये, हे त्याला कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

तांड्याच्या तोंडाशी राजकुमारनं गाडी हळू केली आणि अभिमानानं हात केला. रस्त्याच्या कडेनं अकरा खड्डे खणून तयार होते, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे, काठावर माती नीट रचून ठेवलेली. "दिव्याचे सर. नायकानं सोता उभं राहून खणून घेतले. अमरसिंग काका म्हनले, सायबाले येऊन थांबाची पाळी नोको." संघदीप त्या खड्ड्यांच्या बाजूनं चालत गेला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, अमरसिंग, सत्तरीचा माणूस, त्यानं या उन्हात उभं राहून खड्डे खणून घेतले होते. संघदीपला त्या खड्ड्यांकडे बघवेना. मंदिराच्या भिंतीवर एकसष्ट हिरवे हात उन्हात झळाळत होते. खालच्या ओळीत शेवटचा मानीबाईचा. फोटोत तो सुंदर दिसला होता. इथं त्याला पहिल्यांदा दिसलं की त्या हाताची बोटं पसरलेली नाहीत. बाकी साठ हात पंजा फाकवून, जोरात दाबून उमटवले होते. या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि अंगठा अर्धाच उठला होता, जणू मनगट दुसऱ्याच कुणी धरलं होतं. हा फोटो त्यानं शंभर वेळा मोठा करून पाहिला होता.

मानीबाई दारात बसून झोळी हलवत होती. झोळीत नातू. तांड्यात सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. पहिल्यांदा आला तेव्हा संघदीपही शिष्टाचार म्हणून तसंच म्हणाला होता, आणि मग तेच तोंडात बसलं.

"याडी, मी संघदीप."

"भिंतीवाला?" तिनं डोळ्यांवर हात धरला. "बस. पानी पे."

तो पाणी प्यायला. राजकुमार गाडीपाशीच थांबला होता. काय विचारावं, कसं विचारावं, यासाठी त्याच्याकडे छापील प्रश्नावली होती, अठ्ठावीस प्रश्नांची. त्यातला एकही आता उपयोगाचा नव्हता.

"याडी, जानेवारीत तू पऱ्हाटी जाळली होती का?" तुम्ही म्हणायचं तो विसरून गेला.

"हाव," ती म्हणाली. "साऱ्याच्या देखत जाळली. दर सालीच जाळतो. बोंडअळी रायते त्याच्यात. ढीग घालून ठेवला का थेच अळी पुढच्या साली बोंडात. अळी तुह्या भिंतीले भेते काय?" ती हसली. मग झोळीची दोरी तिनं दुसऱ्या हातात घेतली. "मीनं सांगतलं, भिंतीवरचं माह्यं घर रिकामं राहू दे. त्याच्यात काय? रिकामं तं रिकामं. आता होळीच्या आदल्या रोजी नायक आला. मनला, साठ झाले, तुह्या एकीपायी दिवे जातीन. मी मनलं, जाऊ दे. मनला, मंग पोराच्या धुंडीले कोनी येनार नाही."

धुंड म्हणजे काय ते संघदीपला माहीत होतं. वर्षभरात जन्मलेल्या पोराच्या दारात होळीला सगळा तांडा येतो, पोराच्या डोक्यावर आडवी काठी धरून तिच्यावर काठ्या वाजवत गाणी म्हणतो, आणि तिथून पुढे ते पोर तांड्याचं होतं. आलं नाही कोणी, तर ते पोर नुसतं त्या घराचं राहतं.

"मंग लावला हात," मानीबाई म्हणाली. "नायकानं धरून लावला. थो बी काय करन? रडून राह्यला होता मनगट धरता धरता." तिनं तळवा त्याच्यापुढे केला. नखांच्या कडांना अजून हिरवा रंग होता. "राख लागली तं पान्यानं जाते. हे निंघूनच नाही राह्यलं. राकेल लावलं, मीठ लावलं."

कोणाला वाईट वाटता कामा नये, ही संघदीपची अट होती. लाल रंग त्यानं ठेवला नव्हता. रिकामा चौकोन, बस. बाभळीच्या आडही काही नव्हतं, अंधारात एक रिकामी जागा होती आणि तिथं काहीतरी हललं होतं. आपण आयुष्यभर तीच शिट्टी वाजवत आलो, फक्त ती ऐकू येणार नाही अशी करायला शिकलो, असं त्याला वाटलं आणि स्वतःची इतकी किळस आली की तो उठून उभाच राहिला.

"मी तुझा हात पुसतो भिंतीवरून. आत्ता पुसतो."

"पुसू नोको!" ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. झोळीतलं पोर दचकलं. "त्या हातावर माह्या पोराची धुंड झाली. पुसला तं थे बी पुसलं जाईन."

"मग मी उद्या त्या लोकांना काय सांगू?"

"मले काय माहीत? माह्यं नोको सांगू." तिनं पोराला थोपटलं. "सांगाचंच असन तं तुह्यं सांग."

दुपारी लॉजवर त्यानं त्या दोन ओळी खोडल्या आणि आकडे नव्यानं काढले. धुळवडीच्या दुपारी तांड्यावर एक ठिपका उमटला, गेल्या मोसमातल्या ठिपक्यांच्या कैकपट मोठा. ढोबळमानानं पऱ्हाटी तेवढीच जळली होती, धूर तेवढाच झाला होता. मग मानीबाईच्या ठिपक्यापुढचं 'बहुधा गवत' त्यानं खोडलं. तिथं काय लिहावं ते त्याला सुचेना. अर्पिता मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "होळी सगळेच वगळतात, संघदीप. यात फसवणूक नाही. उद्या निकाल मांड, शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' लिहितो तिथं एक ओळ टाक. चाळीस गावांत आपण हे सुधारून करू. आत्ता थांबलो तर परत कोणी दारात उभं करणार नाही." त्या वाईट नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. एक ओळ. त्यानं ती लिहूनही पाहिली. छान ओळ झाली. वाचणाऱ्याला लेखकाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटावं अशी. चाळीस गावं म्हणजे चाळीस भिंती, प्रत्येक भिंतीवर एखादा चौकोन शेवटपर्यंत रिकामा, आणि कुणाची ना कुणाची धुंड, लग्न, मयत अडलेली. आणि थांबलं तर अकरा खड्डे. कुठूनही गेलं तरी कुणाच्या तरी अंगणातून जावं लागत होतं. त्यानं आईला फोन लावला, काही कारण नसताना.

"जेवला काय?" आईनं विचारलं.

"आई, आपल्या संडासात काय ठेवतेस तू हल्ली?"

"सरपन," ती म्हणाली. "काहून? पऱ्हाटी हाय. चांगली कोरडी रायते त्याच्यात. तिथं पानी कुठी येते का पोरा, मंग कायले रिकामं ठेवाचं?" त्याला हे माहीत होतं. दर दिवाळीला तो स्वतः तिथून पऱ्हाटीच्या काड्या काढून आंघोळीचं पाणी तापवायचा, आणि परत पुण्याला येऊन लोकांना सांगायचा, महिनाभरात संडास उभा राहिला.

"आई, ती शिट्टी..."

पलीकडे आईनं काडी मोडून चुलीत घातल्याचा आवाज आला. "जाऊ दे ना रे," ती म्हणाली. "लहान होतास. तुले काय दिसत होतं अंधारात?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हॉटेलच्या सभागृहात साठेक खुर्च्या भरल्या होत्या. पुढे मंजुरी देणारे पाहुणे, भिंतीवरच्या पडद्याच्या कोपऱ्यात पुण्याहून अर्पिता मॅडम. तिसऱ्या रांगेत नवा शर्ट घातलेला राजकुमार आणि त्याच्या शेजारी गुलाबी पागोटं बांधलेला अमरसिंग नायक, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा ताठ. पहिल्या पानावरचा हात संघदीपनं रात्रीच काढून टाकला होता. त्या जागी काय टाकावं हे न ठरल्यामुळे पान तसंच पांढरं राहिलं होतं, आणि पडदा बिघडला असं समजून हॉटेलचा माणूस दोनदा वायर हलवून गेला.

"मी नेहमी माझ्या आईच्या गोष्टीनं सुरुवात करतो," संघदीप म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज फार मोठा वाटला. "तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली आहे. हार घातला, महिनाभरात संडास बांधला. ती मी आजवर अर्धीच सांगितली." त्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. अमरसिंग नायकाचं लक्ष पडद्याकडे होतं. तो आपल्या तांड्याची भिंत दिसायची वाट पाहत होता. "त्या संडासात आज पऱ्हाटी भरलेली आहे. आणि त्या पहाटे शिट्टी मी वाजवली होती. आता तांड्याचं सांगतो. तिथं झालेली चूक तांड्याची नाही, त्यांनी आमच्या भिंतीचं ऐकलं. भिंत मी आखली."

सभागृहात कोणीतरी खुर्ची सरकवली. पडद्याच्या कोपऱ्यात अर्पिता मॅडमनी चष्मा काढला. संघदीपनं होळीचा आकडा सांगितला, वगळलेले दोन दिवस सांगितले, आणि एकाही घराचं नाव घेतलं नाही. बोलून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नायक राजकुमारच्या कानाशी वाकला. त्यानं काय विचारलं ते एवढ्या शांततेत सगळ्यांनाच ऐकू आलं.

"खड्डे बुजवाचे काय मंग?"

राजकुमारनं संघदीपकडे पाहिलं. साठ खुर्च्यांतल्या माणसांनी, पडद्यावरच्या मॅडमनी, सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं. संघदीप व्यासपीठावरून खाली उतरला आणि तिसऱ्या रांगेत नायकाच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला.

"मले माहीत नाही काका," तो म्हणाला.